पोहता न येणाऱ्यांसाठी: आमची वाटचाल

मला पोहता येत नाही. गेली बारा वर्षं मी ठाण्याहून लोकांना स्नॉर्केलिंगला (डोळे-नाक झाकणारा मास्क लावून, तोंडात स्नॉर्केल नावाची श्वासाची नळी धरून पाण्याखालचे मासे बघायला) नेते आहे, आणि चौकशीचा पहिला फोन आला की हे वाक्य मी आधी सांगून टाकते. काही जण गप्प होतात. काही हसतात. पण बहुतेकांचा आवाज एकदम मोकळा होतो आणि पुढचं वाक्य येतं, "अहो ताई, मलाही नाही येत, म्हणूनच विचारत होते." आमचं ऐंशी-नव्वद टक्के गिऱ्हाईक हेच. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेलं, चष्मा लावणारं, तलावपाळीच्या पॅडल बोटीपलीकडे पाण्याशी संबंध नसलेलं.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला होते. 2012 साली तो बंद झाला. हिशेबाचे पैसे हातात आले तेव्हा घरच्यांचं म्हणणं पोळीभाजी केंद्र काढ. ठाण्यात तेव्हाही गल्लीत दोन पोळीभाजी केंद्रं होती. माझा धाकटा भाऊ पोहण्याचा कोच, आणि आमचे मामा मालवणजवळच्या देवबागचे, होडीवाले. दर मे महिन्यात आम्ही तिकडे जायचो. मामा पाहुण्यांना सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी मासे दाखवायला न्यायचे आणि मी होडीत बसून चपला सांभाळायचे. भाऊ म्हणाला, "तुला माल वेळेवर पोचवायची सवय आहे. माल म्हणजे माणसं, एवढाच फरक." तो फरक एवढासा नाही, हे कळायला एक ट्रिप पुरली.

डिसेंबर 2013. पहिली बॅच, चौदा जण, सगळे नौपाडा आणि पाचपाखाडीचे. रात्री ठाणे स्टेशनवर कोकणकन्या जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात चौदा माणसं, त्यांच्या बॅगा आणि फिन्सची (पायात घालायच्या रबरी पंखांची) दोन पोती आत ढकलली, तेव्हा डिस्पॅचचा अनुभव खरंच कामाला आला. सकाळी कुडाळ, तिथून गाडीने मालवण, नाश्त्याला घावणे, होडी, किल्ला. सगळं वेळेवर. आणि मग चौदापैकी अकरा जणांनी पाण्यात तोंडच घातलं नाही. लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून, बदकासारखी मान वर काढून तरंगत राहिले. मास्क लावलेला, नळी तोंडात, आणि नजर किल्ल्याच्या तटबंदीवर. परतताना एक काकू म्हणाल्या, "दोन हजार देऊन मी होडीचं बूड बघून आले." त्या रागावल्या नव्हत्या, खरं तेच सांगत होत्या. म्हणून जास्त लागलं.

परत आल्यावर भावाने मला बाथरूममध्ये नेलं. मोठं घमेलं भरलं, मास्क आणि स्नॉर्केल दिलं आणि म्हणाला, घाल तोंड. मी दोन सेकंदांत बाहेर. पुन्हा, पुन्हा दोन सेकंद. तेव्हा कळलं की अडचण पाण्याची नाही, नाकाची आहे. जन्मभर आपण नाकाने श्वास घेतो. मास्कने नाक बंद झालं की शरीराला वाटतं हवाच संपली. नळीतून हवा येत असते, पण त्या वेळी डोक्याला ते पटत नाही. दहाव्या-बाराव्या खेपेला कधीतरी पटतं. मग श्वास लांब होतो, नळीतून घरघर ऐकू येते आणि माणूस घमेल्याचं तळ बघत निवांत बसतो. मी त्या दिवशी सलग चार मिनिटं बसले. आमचा धंदा खरा तिथे सुरू झाला.

2014 पासून ट्रिपच्या आधीच्या रविवारी ठाण्यातच सराव घ्यायला लागलो. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा पूल दुपारी रिकामा असायचा, तो तासाच्या भाड्याने मिळाला. चार फूट पाणी, पाय तळाला टेकलेले. आधी नुसता मास्क, मग मास्क आणि नळी, मग मुद्दाम मास्कमध्ये पाणी शिरू द्यायचं आणि वरची कड कपाळाशी दाबून नाकाने जोरात फुंकून ते खालून काढायचं. हे एक जमलं की निम्मी भीती जाते, कारण समुद्रात लोक घाबरतात ते मास्कमध्ये चमचाभर पाणी आल्यावर. दोन-अडीच तासांत बहुतेकांना जमतं. ज्यांना जमत नाही त्यांना पैसे परत, किंवा त्यांनी होडीत बसून चपला सांभाळाव्यात. त्या कामाचा अनुभव मला आहेच.

मास्क कसा निवडायचा हेही तिथेच शिकवतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क पडला नाही तर तो तुमचा. मिशीवाल्यांचा पडतो, कारण केसांतून हवा शिरते. एका काकांची मिशी लग्नाआधीपासूनची. त्यांनी ती काढायला साफ नकार दिला, तेव्हा नाकाखालची बोटभर पट्टी तेवढी कातरून तडजोड झाली. बायकोला म्हणे घरी गेल्यावर चार दिवस तोंडाकडे बघून हसू आवरलं नाही.

चष्म्याचं दुखणं मोठं होतं. चष्म्याच्या काड्या मास्कच्या कडेखाली येतात आणि पाणी शिरतं, म्हणजे चष्मा काढावा लागतो. उणे चार नंबरवाल्याला चष्म्याशिवाय मासा आणि दगड सारखाच. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. नंबर अगदी तंतोतंत लागत नाही, कारण पाण्याखाली वस्तू तशाही जवळ आणि साधारण एकतृतीयांश मोठ्या दिसतात. आज आमच्याकडे उणे दीडपासून उणे सहापर्यंतचे मास्क आहेत. माझ्या मते या फर्मची सगळ्यात शहाणपणाची खरेदी तीच. सगळ्यात मूर्खपणाची खरेदी म्हणजे पूर्ण चेहरा झाकणारे मास्क. दिसायला झकास, नाकानेही श्वास घेता येतो, म्हणून सहा घेतले. पण आत सोडलेली हवाच पुन्हा श्वासात येण्याचा धोका आणि घाबरल्यावर एका झटक्यात निघत नाहीत, म्हणून भावाने ते बाद केले. माळ्यावर पडलेत.

मालवणचं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. इथे दिसणं भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर असतं. पहिली दोन वर्षं आम्ही शनिवार-रविवार बघून तारखा काढायचो आणि एकदा हौसेने कोजागिरी धरली. चांदण्यात वाळूवर बसायचं, मसाला दूध, सकाळी स्नॉर्केलिंग. चांदणं सुरेख होतं. सकाळी मामा पाण्याकडे बघून म्हणाले, "नको गो बाय. पाणी ढवळलेला आसा, कायएक दिसाचा नाय." पौर्णिमेला उधाण, पाण्याची ये-जा मोठी, तळाची वाळू वर. मामांनी मग आजोबांचं गणित पुन्हा शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं, गाळ कमी उठतो. त्यातही एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे वारा सुटायच्या आत, कोवळ्या उन्हात, भरलेलं स्थिर पाणी. याहून चांगली वेळ नाही.

आता अडचण बघा. एकादशीला मालवणात जायचं आणि सुरमईकडे बघत उपास करायचा. आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांची एकादशी असते. त्याचं पुढे सांगते.

2016 साली मामांची होडी दुरुस्तीला होती, म्हणून दुसऱ्या एकाची ठरवली. बारा जणांची होडी. आम्ही बारा गेलो तर आत आधीच सात जण बसलेले. लाइफ जॅकेटं होती, पण तीन-चारांचे बकल तुटलेले, त्यांना सुतळी बांधलेली. मालक म्हणाला, "ताई, जवळच तर जायचंय." मी बॅच उतरवली. आगाऊ दिलेले पैसे बुडाले, दिवस फुकट गेला आणि आमच्याच गिऱ्हाइकांनी मला सुनावलं की लोक रोज जातात, तुम्हीच घाबरट. खरंय, मी घाबरटच आहे. पोहता येत नसलेल्या बाईला सुतळीची गाठ लगेच दिसते. त्यानंतर आमची जॅकेटं आमचीच असतात, कोकणकन्येतून पोत्यात जातात आणि प्रत्येक बकल चढण्याआधी मी स्वतः ओढून बघते. त्या वर्षी आम्हाला तोटा झाला. पुढच्या वर्षी त्याच बॅचमधले पाच जण परत आले.

अंदमानला पहिल्यांदा गेलो नोव्हेंबर 2018 मध्ये. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. मी पहिल्या ट्रिपला सकाळी जेल आणि दुपारी वॉटर स्पोर्ट्स असं ठेवलं होतं. सावरकरांची कोठडी बघून बाहेर आलेल्या लोकांना बनाना राईडची तिकिटं वाटायची वेळ आली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आता जेलच्या दिवशी दुसरं काही नाही.

पाण्याचा दिवस वेगळा, हॅवलॉक बेटाचा. हॅवलॉकचं नाव डिसेंबर 2018 मध्ये स्वराज द्वीप झालं, तरी जेट्टीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात. तिथून स्पीडबोटीने वीसेक मिनिटांवर एलिफंट बीच. जंगल थेट वाळूपर्यंत आलेलं आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर प्रवाळ. तिथे मामांचं गणित चालत नाही, भरतीच्या वेळा पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजय पुरम) कोष्टकातून बघाव्या लागतात. अंधारही लवकर पडतो, डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी सातलाच निघतो. किनाऱ्यावर जेट स्की, बनाना राईड (बोटीमागे ओढला जाणारा लांबट फुगा), सी वॉक (हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालणं), सगळं एका रांगेत. आमचा क्रम ठरलेला, आधी स्नॉर्केलिंग. बनाना राईडवर पडून दोन घोट खारं पाणी पोटात गेलेला माणूस पुन्हा शांतपणे पाण्यात तोंड घालत नाही. सी वॉक काकू मंडळींचा आवडता, कारण हेल्मेटमध्ये वरून नळीने हवा येते आणि केस कोरडे राहतात. पण तिथे कानावर दाब येतो. सर्दी असेल तर मी जाऊ देत नाही, मग कोणी कितीही रुसो.

लोक विचारतात, फोटोत प्रवाळ रंगीत, इथे ठिकठिकाणी पांढरं का? प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की तो ते बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अंदमानात 2010 साली हे मोठ्या प्रमाणावर झालं, 2016 साली पुन्हा. म्हणून आमच्या पत्रकावर नेटवरचे फोटो नाहीत, भावाने काढलेलेच आहेत, थोडे फिकट. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला अपायकारक असू शकतात, म्हणून पाण्यात उतरताना त्याऐवजी लांब बाह्यांचा टी-शर्ट घालायला सांगतो, त्यानेही उन्हापासून बचाव होतो. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही आणि माशांना पाव-बिस्किट टाकायचं नाही, हे आम्ही मालवणातही पाळतो, जरी पाव टाकला की फोटोत मासे जास्त येतात. तरी एक काकू मेलेल्या प्रवाळाचा तुकडा पर्समध्ये घेऊन विमानतळावर पोचल्याच. तपासणीत तो काढून घेतला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, हे त्यांना मी आदल्या रात्री सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, जिवंत असेल तर."

मार्च 2020 मध्ये तीन बॅचचे पैसे परत केले. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांचं फार नुकसान केलं, मामांची होडीही गेली. त्या दोन वर्षांत घर भावाच्या तुटपुंज्या कमाईवर आणि मी सुरू केलेल्या डब्यांवर चाललं. शेवटी पोळीभाजी केलीच म्हणायची. जुन्या गिऱ्हाइकांनी पुढच्या ट्रिपचे पैसे आगाऊ दिले, त्यातून मामांच्या नव्या होडीचं इंजिन आलं. ते सगळे पैसे आम्ही फेडले, रोखीत नाही, ट्रिपा काढून.

आज आम्ही चार जण आहोत. मी, भाऊ, भावजय आणि मामांचा मुलगा. बॅच बाराचीच, वाढवत नाही. पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा ठाण्यात प्रौढांचे पोहण्याचे वर्ग, ज्यात सहा वर्षांपासून मीही नाव घालते आणि दरवर्षी जुलैत सोडते. यंदा भावाने फी आगाऊ घेतली.

आणि एकादशी. मालवणात आम्ही ज्यांच्याकडे जेवतो त्या काकींनी आधी डोक्याला हात लावला होता. खानावळ त्यांची माशांची. पण दोन-तीन हंगामांनंतर त्याच विचारायला लागल्या, "पुढची एकादस कधी गो?" आता आमची बॅच पाण्यातून बाहेर आली की एका पंगतीला साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ असतात, दुसऱ्या पंगतीला सुरमईचं ताट. मधल्या बाकावर मी बसते. माझा उपास नसतो, पण खिचडी काकी अशी करतात की मी दोन्हीकडून घेते.