'नको रे मना' : एका सुराची ओळख

आईचे वय आता 81 आहे आणि ती एकच प्रश्न तासाभरात चार-पाच वेळा विचारते. साताऱ्यातल्या घरी तिचे सगळे मीच पाहते. तिच्यावर ओरडायचे नाही, हा नेम मी रोज सकाळी करीत असे आणि तो बहुधा दिवेलागणीपूर्वीच मोडे. मग मी स्वतःला शिक्षा करी : रात्रीचे जेवण सोडायचे आणि जपाच्या माळा वाढवायच्या. उपाशी पोटी आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी चिडचिड अधिकच होई, माळांची थकबाकी वाढत जाई, आणि शेवटी ज्या नामाने मन निवावे त्या नामासमोर बसण्याचीच मला लाज वाटू लागली. सहा महिने माळ डबीतून बाहेर निघाली नाही.

गेल्या माघात, दासनवमीच्या आधी, सज्जनगडावर गेले. समाधीमंदिराजवळ काही बायका मनाचे श्लोक म्हणत बसल्या होत्या. हे 205 श्लोक आमच्या पिढीने परवचाबरोबर पाठ केलेले, आणि पाठ असल्यामुळेच कधी नीट न ऐकलेले. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की, ज्या मनाला अजून सारे समजवायचे आहे त्याला समर्थ गणेशवंदनेनंतरच्या दुसऱ्याच श्लोकात, पहिल्याच हाकेला, 'सज्जना' म्हणतात. पुढे क्रोधाचा विषय निघतो तेव्हाही शब्द येतात ते 'नको रे मना' असे. पोराने विस्तवाकडे हात नेला की आई ज्या सुरात 'नको रे बाळा' म्हणते, तोच हा सूर आहे. त्यात सूट मुळीच नाही, क्रोधाला तिथे स्पष्टपणे खेदकारी म्हटले आहे. परंतु हात धरून मागे ओढणे वेगळे आणि भाजलेल्या हातावर आणखी फटका मारणे वेगळे.

मी मात्र मनाशी 'लाज कशी वाटत नाही तुला' याच भाषेत बोलत आले होते, आणि आईवर ओरडताना माझा आवाज नेमका तोच असे. गड उतरताना, खाली उरमोडीचे पाणी दिसत असताना, हे ध्यानात आले आणि मी पायरीवर बसून रडले. त्या कठोरपणाला मी साधना समजत होते. त्यात 'माझ्यासारखीला राग यावाच का' हा अहंकारही होता, हे कबूल करायला आणखी काही आठवडे लागले.

आता आवाज चढू लागला की मी स्वयंपाकघरात जाते, घोटभर पाणी पिते आणि हळूच 'नको रे मना' म्हणते. माळ एकच, थकबाकी नाही. गेल्या बुधवारी तरीही ओरडले. त्या रात्री उपास न करता आईच्या शेजारीच जेवायला बसले, आणि तिने आज वार कोणता असे पुन्हा विचारले तेव्हा तिच्या ताटात भात वाढत 'बुधवार' असे सांगितले.