आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

आमच्या आजीचा एकच फोटो आहे. काकांनी 1974 साली अॅग्फा क्लिक कॅमेऱ्यावर काढलेला, अंबाजोगाईजवळच्या गावी, घराच्या उंबऱ्यात. कागदावरची प्रत वाळवीनं खाल्ली. निगेटिव्ह तेवढी बटर पेपरात टिकली. सहा बाय सहा सेंटिमीटरची ती ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह मी एप्रिलमध्ये परभणीच्या घरी 2400 डीपीआयला (म्हणजे इंचाला 2400 ठिपके) स्कॅन केली. स्क्रीनवर उघडली तर आजीच्या आधी धूळच दिसली. पदरावर, कपाळावर, मागच्या मातीच्या भिंतीवर पांढरे ठिपके आणि कुसळांसारखे तंतू.

स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडनं धूळ आपोआप काढायची सोय होती. ती लावली तर चित्र आणखीच बिघडलं. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड किरण आरपार जातात आणि धुळीपाशी अडतात, म्हणून मशीनला धूळ ओळखता येते. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदीही ते किरण अडवते. मशीनच्या लेखी आजी आणि धूळ सारखीच.

मग गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये बारीक ठिपके आपोआप पुसणारा डीस्पेकल फिल्टर लावला. चेहरा एकदम स्वच्छ झाला. लगेच आत्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि पाच मिनिटांत तिचा फोन आला.

“आईच्या हनुवटीवरलं गोंदण कुठं गेलं रं?”

पोटात धस्स झालं. मूळ स्कॅन उघडला, हनुवटी मोठी करून पाहिली. एकाखाली एक तीन ठिपके, मधला जरासा पसरलेला. फिल्टरनं ते धुळीसोबत पुसून टाकले होते, आणि लुगड्याच्या काठाची वीणही गुळगुळीत करून टाकली होती. ती फाइल मी तिथंच काढून टाकली.

पुन्हा सुरुवात केली ती निगेटिव्हपासून. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात फिल्म जरा घासली तरी तिच्यात स्थिर वीज येते आणि ती धूळ ओढून घेते. म्हणून पहाटे पाचला उठलो, फरशी ओल्या फडक्यानं पुसली, पंखा बंद, दार बंद. निगेटिव्ह कडेनं धरून दाबून हवा सोडायच्या रबरी फुग्यानं दोन्ही बाजूंनी हवा मारली, स्कॅनरची काचही तशीच साफ केली. तोंडानं फुंकर अजिबात घालू नका, थुंकीच्या थेंबाचा डाग धुळीपेक्षा वाईट. दुसऱ्या स्कॅनमध्ये निम्म्याहून जास्त ठिपके नव्हतेच.

उरलेले हातानं काढले. इथं एक गोष्ट फार उपयोगी पडली. निगेटिव्हवरची धूळ प्रकाश अडवते, म्हणून उलटवलेल्या चित्रात ती पांढरी उमटते. गोंदण काळं. तेव्हा नियम केला, पांढऱ्याला हात लावायचा, काळ्याला विचारल्याशिवाय नाही. वेगळ्या लेयरवर (मूळ चित्रावर ठेवलेल्या वेगळ्या थरावर), शंभर टक्के झूम करून, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीनं हीलिंग ब्रश चालवला, म्हणजे डाग आजूबाजूच्या रंगात मिसळवणारं साधन. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा ठेवला. भिंतीवर आणि गालावर तो छान मिसळतो. पण लुगड्याच्या काठाशी, डोळ्याच्या कडेशी शेजारचा काळा रंग आत ओढतो, तिथं शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून ठेवणारं क्लोनच वापरावं लागलं. नुसत्या चेहऱ्याला दोन संध्याकाळी गेल्या.

शेवटी डाव्या गालावर एक काळा ठिपका राहिला. फिल्मवरचा थर उडाला तरी असा काळा ठिपका येतो, त्यामुळं माझं मलाच ठरवता येईना. आत्याला फोन केला.

“तीळ हाय तो. राहू दे.”

राहू दिला. काकांच्या डब्यात अजून अकरा निगेटिव्ह आहेत. हवेतली धूळ बसल्यावर, मृगाचे दोन पाऊस झाले की त्या काढीन.