शाळेतली चौकशी: आधी पोलीस, मग समिती

शिक्षकाने, शिपायाने किंवा बसच्या मदतनीसाने मुलाशी गैरवर्तन केल्याची तक्रार आली की संस्थाचालक बहुतेक वेळा म्हणतात, "आधी आपण आपल्या पातळीवर शहानिशा करू." सगळं बिघडायला सुरुवात इथूनच होते.

पोक्सो कायदा, २०१२ (लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, किंवा तो होईल अशी भीती वाटली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. खात्री करून मग कळवा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या बदलापूर प्रकरणात विश्वस्तांवर गुन्हा दाखल झाला तो याच कर्तव्यावरून.

मग शाळेच्या चौकशीला काय उरतं? बरंच उरतं. गुन्हा कोणी केला हे पोलीस आणि न्यायालय पाहतील. या माणसाला पुन्हा मुलांजवळ ठेवायचं का, आणि आपल्या व्यवस्थेत हे घडूच कसं शकलं, हे संस्थेनेच शोधायचं असतं. फौजदारी खटला आणि खातेनिहाय चौकशी, म्हणजे संस्थेने आपल्या कर्मचाऱ्याची केलेली शिस्तभंगाची चौकशी, एकाच वेळी चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन्हीकडे पुराव्याची पातळीही वेगळी आहे. खटल्यात वाजवी संशयाला जागा उरता कामा नये; खातेनिहाय चौकशीत कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढं पुरतं. म्हणून "कोर्टाचा निकाल लागू दे" म्हणत चौकशी वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवायला आधार नाही.

पहिल्या दिवशी मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. मुख्याध्यापक, समुपदेशक, विश्वस्त, मग पालकांसमोर पुन्हा एकदा, असं चार वेळा विचारलं की मूल आधीच्या प्रश्नातले शब्द उचलतं किंवा गप्प होतं, आणि पुढे बचावाचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवतो. मुलाने आपणहून ज्याला सांगितलं त्याने तेच शब्द, मुलाच्याच बोलीत, तारीख-वेळेसह लिहून सही करावी. "सरांनी गैरवर्तन केले" असं सभ्य भाषांतर करू नये. अधिक विचारायचं ते पोलीस कलम २४ प्रमाणे विचारतील: मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेशाशिवाय, शक्यतो महिला अधिकारी.

त्याच दिवशी सीसीटीव्हीची प्रत काढून घ्या. रेकॉर्डरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. प्रत कोणी, कधी काढली हे लिहा आणि हॅश मूल्य (फाइलमध्ये नंतर बदल झाला का हे ओळखू देणारा तिचा सांकेतिक आकडा) नोंदवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ते लागतं. हजेरीपत्रक, तासिकांचं वेळापत्रक, बसची नोंदवही कुलपात ठेवा. आरोप असलेल्या माणसाकडच्या किल्ल्या आणि पासवर्ड काढून घ्या. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात मुलाचं नाव तर नकोच, पण ओळख पटेल असा वर्ग-तुकडीचा उल्लेखही नको.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कायम कर्मचाऱ्यांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे. तिच्यातली समिती तिघांची: संस्थेचा प्रतिनिधी, कर्मचाऱ्याचा प्रतिनिधी आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. रचना चांगली आहे, पण संस्थेचा प्रतिनिधी म्हणून तक्रार सुरुवातीला दाबणाराच माणूस बसला तर स्वातंत्र्य कागदावरच राहतं. जो साक्षीदार होऊ शकतो त्याला समितीवर घेऊ नये. चौकशी साधारण १२० दिवसांत संपवायची असते.

समितीपुढचं दोषारोपपत्र मोघम असलं की शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे कर्मचारी बडतर्फीविरुद्ध दाद मागतो तिथे, ते टिकत नाही. "विद्यार्थिनींशी अयोग्य वर्तन" हा आरोप नव्हे. लहान मुलाला तारीख सांगता येत नसेल तर "जून ते ऑगस्टदरम्यान, मधल्या सुट्टीत, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाजवळ" असं लिहा आणि नेमकी कृती लिहा.

मुलाला उलटतपासणीला उभं करायचं का, हा सर्वांत अवघड प्रश्न. खातेनिहाय चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नसतात. ऐकीव पण विश्वासार्ह पुरावाही चालतो, हे हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. त्यामुळे मुलाने ज्या आईला किंवा बाईंना पहिल्यांदा सांगितलं त्यांची साक्ष, सोबत चित्रण आणि वेळापत्रक, यांवर चौकशी उभी राहू शकते. आरोपीला मात्र कागदपत्रं आणि बाजू मांडण्याची पूर्ण संधी द्यायलाच हवी. ती नाकारली तर चांगला निष्कर्षही रद्द होतो, आणि तोच माणूस मागच्या पगारासह वर्गात परततो.

कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाई कामगार, बसचालक १९८१ च्या नियमावलीत येत नाहीत. ठेकेदार त्यांना शांतपणे दुसऱ्या शाळेवर पाठवतो. म्हणून करारातच लिहून घ्या: पोलीस पडताळणीशिवाय माणूस नाही, आणि तक्रार आलेल्या माणसाची लेखी माहिती आम्हाला दिल्याशिवाय त्याची बदली नाही. कायम कर्मचाऱ्याच्या बाबतीत हाच खेळ राजीनाम्याने होतो. राजीनामा हातात पडताच फाइल बंद करून "वर्तणूक चांगली" असा दाखला देऊ नका. चौकशी सुरू असताना राजीनामा दिल्याची नोंद सेवापुस्तकात करा.