लाकडी छपराचा हिशेब

सीडर या लाकडाचे शेक, म्हणजे ओंडका फोडून काढलेल्या फळ्या, छपरावर घालायचे हे आमच्या घरात एकमताने ठरलं. पैशांचा हिशेब माझ्याकडे आला आणि पहिल्याच पानावर मी चुकले. नकाशावर वळचणीसकट १,२०० चौरस फूट होतं, म्हणून तेवढाच माल धरला. सुतारकाकांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "ताई, उतार कुठे धरलाय?"

आमचं छप्पर १२ इंच आडवं जाताना ८ इंच चढतं. तेवढ्या उताराने १,२०० चे सुमारे १,४४० होतात. कापाकापीत जाणारे दहा टक्के वर धरले की १,५८४. हा माल १०० चौरस फुटांच्या मापाने घेतात, म्हणजे माझ्या १२ मापांच्या जागी १६ लागणार होती. लाकडाचा खर्च एका झटक्यात तिसऱ्या हिश्शाने वाढला.

मग वाटलं, शेकऐवजी शिंगल घेऊ. शिंगल करवतीने कापलेली, सपाट, पातळ. एकीवर एक नीट बसते. शेक ओंडका शिरांच्या दिशेने फोडून काढतात, त्यामुळे तो जाड आणि खडबडीत. बोट फिरवलं की शिरा लागतात. पण या खडबडीतपणामुळे दोन थरांत फट राहते आणि वाऱ्याबरोबर पाणी आत शिरू शकतं. म्हणून शेकच्या प्रत्येक ओळीवर १८ इंच रुंदीची फेल्टची, म्हणजे डांबर मुरवलेल्या जाड कागदाची, पट्टी टाकावी लागते. २४ इंची शेक १० इंच उघडा ठेवला आणि बाकीचा वरच्या ओळींखाली गेला, तर पट्टी त्याच्या खालच्या कडेपासून २० इंचांवर सुरू होते, म्हणजे बाहेरून दिसत नाही. एका व्यापाऱ्याने दिलेल्या अंदाजात ही फेल्ट नव्हतीच! खिळेही नव्हते. तरी शेवटी आम्ही शेकच ठेवले.

खिळ्यांवर काटकसर करू नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन. एका जुन्या छपरावरून काढलेला शेक काकांनी हातात दिला. लाकूड उन्हापावसाने रुपेरी झालेलं, अजून घट्ट. पण साध्या लोखंडी खिळ्याभोवती काळा ओघळ आणि खिळा गंजून काडीएवढा उरलेला. सीडरमधलं टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट पदार्थ, लोखंडाला खातं. आम्ही स्टेनलेस स्टीलचे घेतले, प्रत्येक शेकला दोन.

माल निवडताना मी प्रत्येक गठ्ठ्यातल्या चार-पाच शेकची टोकं बघितली. वाढीच्या रेषा फळीच्या तोंडाला काटकोनात असतील तर लाकूड सरळ राहतं. त्या आडव्या पसरल्या असतील तर फळी उन्हात वाकते. बाहेरचं फिकट लाकूड लवकर कुजतं, म्हणून गाभ्याचंच घेतलं. महाग पडलं, पण इथे मी मागे हटले नाही.

आगीचं मात्र आधी बघा. दाबाखाली अग्निरोधक मुरवलेले शेक वेगळे मिळतात आणि ते खरेदीच्या वेळीच मागावे लागतात. त्याआधी विमा कंपनीला विचारून घ्या, कारण काही कंपन्या लाकडी छपरासाठी हप्ता वाढवतात.

पूर्ण फळ्यांऐवजी अंतर ठेवून रिपा मारल्यात, म्हणजे शेकच्या खालूनही वारा खेळेल आणि पावसानंतर लाकूड लवकर वाळेल. पुढे डागडुजीला लागतील म्हणून उरलेले दोन गठ्ठे माळ्यावर ठेवलेत. जिना चढताना अजून सीडरचा वास येतो.