बारावीचा अभ्यास आणि जर्नलवरच्या सात सह्या

बारावी सायन्सला अभ्यास कसा केलास, असं चुलतबहिणीनं परवा विचारलं. मला ना इंटिग्रेशन आठवलं ना रोटेशनल डायनॅमिक्स. आठवलं ते आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसबाहेरचं लाकडी बाकडं. त्या जानेवारीत मी त्यावर इतकी बसलेय की त्याची कुठली फळी हलते ते मला पाठ आहे.

आधी अभ्यासाचं उरकते. गणिताचा लेखी पेपर 80 गुणांचा. त्यात दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ आणि चार गुणांचे आठपैकी पाच प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे सोडायला भरपूर वाव आहे. मी पाठ्यपुस्तकातली सगळी उदाहरणं दोनदा आणि इंटिग्रेशनची तीनदा केली, बाकी गाइड-बिइड काही नाही. केमिस्ट्रीला पुस्तकातली ओळ न ओळ वाचली. झालं. यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

घडलं ते फिजिक्सच्या जर्नलचं, म्हणजे प्रयोगवहीचं.

आमचं कॉलेज सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. फिजिक्सचे सर तासिकेवर होते. शिकवायचे झकास, पण जर्नल पुढं केलं की म्हणायचे, "शेवटी एकदम करू गं सह्या, आत्ता प्रयोग बघा." आम्हीही खूश. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं तर सर दुसऱ्या गावी लागलेले. माझ्या जर्नलमध्ये सात प्रयोग नीट लिहिलेले, डावीकडे पेन्सिलीनं आकृत्या, उजवीकडे निरीक्षणांचे तक्ते, आणि प्रत्येकाखाली सहीची जागा कोरी.

9 जानेवारीला नोटीस लागली. 25 तारखेपर्यंत जर्नल सर्टिफाय करून घ्या, नाहीतर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही. प्रॅक्टिकल 30 गुणांचं, लेखी 70 चं. त्या तीसवर पाणी सोडणार कोण?

नव्या मॅडमकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "हे प्रयोग माझ्यासमोर झालेले नाहीत. बाहेरून येणाऱ्या परीक्षकानं, एक्स्टर्नलनं विचारलं तर मी काय सांगू?" आज वाटतं, त्यांचं काही चुकत नव्हतं. तेव्हा मात्र घशात हुंदका आला होता. विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडमची सही झाली की ये, माझी लगेच करतो." जुन्या सरांना फोन लावला तर ते म्हणाले, "मी आता तिथं नाही, माझी सही कशी चालेल?" आणि ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "सह्यांचं तुम्ही बघा. लायब्ररीची नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याची चिठ्ठी, आणल्याशिवाय शिक्का मिळणार नाही."

लायब्ररी उघडी अकरा ते एक. नेमका तेव्हाच गणिताच्या सरांचा जादा तास, डेफिनिट इंटिग्रेशन. एक दिवस तास बुडवून गेले तर लायब्ररीवाले म्हणाले, तुझ्या नावावर पुस्तक आहे. कुठलं? लॉग टेबल! आकडेमोडीच्या कोष्टकांचं पुस्तक, अकरावीत नेलेलं, किंमत 40 रुपये. ते मी परत केलं होतं, शपथेवर सांगते. पण रजिस्टरात माझ्या नावापुढं खूण नव्हती. "चाळीस रुपये भर आणि मोकळी हो," ते म्हणाले. पप्पाही म्हणाले, "भर की, चाळीस रुपयांसाठी कशाला जीव काढतीस?" पण परत केलेलं पुस्तक परत न केल्यासारखं का दाखवायचं? मी हटून बसले. त्यात संक्रांतीला लायब्ररीला कुलूप, दुसऱ्या दिवशी लायब्ररीवाले रजेवर. पाच दिवस गेले. शेवटी मीच रजिस्टर मागून घेतलं आणि ओळीनं वाचत गेले, तेव्हा दिसलं की परतीची खूण माझ्याच आडनावाच्या दुसऱ्या मुलीपुढं पडली होती. त्यांनी एका चिठोऱ्यावर 'नो ड्यूज' लिहून दिलं.

(जर्नलला तपकिरी कव्हर घालताय ना, तर आतल्या अनुक्रमणिकेत तारखा पेनानंच लिहा. माझ्या मैत्रिणीच्या पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा पुसल्या गेल्या आणि तिला सगळं पान पुन्हा करावं लागलं.)

सह्यांचा गुंता सोडवला तो लॅबमधल्या मामांनी. मी कोपऱ्यात तोंड पाडून उभी होते. मामा म्हणाले, "तुम्ही सामान घेताना माझ्या वहीत सही करता ना? मग मॅडमना ती वही दाखव की." खरंच, रेझिस्टन्स बॉक्स, गॅल्व्हानोमीटर, जॉकी, काहीही नेलं की तारखेसह आमच्या गटाच्या सह्या त्या मळक्या वहीत व्हायच्या. सातही तारखा सापडल्या. मॅडमनी त्या हजेरीपटाशी ताडून पाहिल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण एक प्रयोग माझ्यासमोर करून दाखव. मीटर ब्रिज लाव."

मीटर ब्रिज म्हणजे तारेवरून रोध मोजायचं उपकरण. मी जोडण्या केल्या, जॉकी तारेवर टेकवली, तर गॅल्व्हानोमीटरचा काटा एकाच बाजूला. शून्याजवळ टेकवली तरी तिकडंच, शंभराजवळ टेकवली तरी तिकडंच. मॅडम गप्प. माझे तळहात ओले. मग आठवलं, एकाच बाजूला पळतोय म्हणजे कुठंतरी जोड सुटलाय. रेझिस्टन्स बॉक्सचा प्लग नुसता ठेवला गेला होता. पिळून घट्ट बसवला, वायरची टोकं पॉलिश पेपरनं घासली, आणि काटा दोन्हीकडं फिरायला लागला. काटा शून्यावर थांबतो ती जागा, नल पॉइंट, 47.3 वर आला. मग अज्ञात रोध दुसऱ्या गॅपमध्ये टाकून पुन्हा वाचन घेतलं. जॉकी तारेवर घासत नेली नाही, टेकवत नेली, ते मॅडमनी पाहिलं असावं. "गॅप्स अदलाबदल का केल्या?" एवढंच विचारलं आणि सातही सह्या केल्या.

25 तारखेला दुपारी शिक्का बसला. सोळा दिवस. तेवढ्यात माझं सेमीकंडक्टरचं प्रकरण आणि डिफरन्शियल इक्वेशन्स वाचून झाले असते. ते मी नंतर रात्री जागून केलं.

प्रॅक्टिकलला सोनोमीटर आला, ताणलेल्या तारेच्या कंपनांचा प्रयोग. तारेवरचा कागदाचा रायडर टुणकन उडाला, म्हणजे प्रयोग जमला. एक्स्टर्नल सरांनी जर्नलचं पहिलं पान उघडलं, शिक्का बघितला, मिटलं. ज्या सात सह्यांसाठी मी जिवाचं रान केलं त्या त्यांनी पाहिल्याही नाहीत.

हो, एक राहिलंच. बहुपर्यायी प्रश्नांत नुसतं अक्षर लिहू नका, नुसतं उत्तरही नको. अक्षरासह पूर्ण उत्तर लिहायचं असतं, नाहीतर गुण नाहीत. हे प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनेत छापलेलं असतं, पण त्या घाईत वाचतंय कोण. आणि पहिलं लिहिलेलं उत्तरच धरतात, म्हणून आधी कच्च्या कामात ठरवा. कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा लॉग टेबलची सवय डिसेंबरातच करून घ्या.

लॉग टेबलवरून आठवलं. निकाल लागला, गणितात 93 पडले, मी पेढे घेऊन एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, आणायला गेले. भाऊसाहेबांनी पेढा घेतला आणि म्हणाले, लायब्ररीची नो ड्यूज आणा. जानेवारीतला चिठोरा त्यांनी तेव्हाच ठेवून घेतलेला, आता कुठाय ते त्यांनाही माहीत नाही. लायब्ररीत गेले. रजिस्टरात माझ्या नावापुढं अजूनही लॉग टेबल.

पर्समधून चाळीस रुपये काढून दिले. पावती मात्र घेतली.