अटल बोगद्यापलीकडे: बर्फात ट्रॅक्शन कंट्रोलवर किती विसंबावं

मनालीहून अटल बोगद्याकडे निघालो. पलचानला रोहतांगचा जुना रस्ता सुटतो, तिथवर डांबर कोरडं होतं. सोलंग मागे टाकून बोगद्याच्या दक्षिण तोंडाजवळच्या धुंदीकडे चढायला लागलो आणि सावलीतल्या एका वळणावर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकला. घसरणाऱ्या गाडीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा, तोच तो. गाडी बिघडली असं वाटून पुष्कळ जण अशा वेळी ब्रेक मारतात, आणि बर्फाच्या चढावर एकदा थांबलेली गाडी पुन्हा हलवणं भलतंच अवघड असतं. दिवा लुकलुकतोय म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरत फिरणारं चाक आवरणारी यंत्रणा, काम करतेय. सतत पेटलेला राहिला तर मात्र ती बंद आहे: कुणीतरी बटण दाबलंय किंवा सेन्सरला काहीतरी झालंय.

आमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, मॅन्युअल गिअरची. वळणावर डावं चाक कडेच्या बर्फावर होतं, उजवं डांबरावर. इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा साधा डिफरन्शियल दोन्हींना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो, खरी गोची तिथेच आहे. समजण्यापुरते आकडे घेऊ. बर्फावरचं चाक १०० न्यूटन-मीटर पेलून घसरायला लागलं, तर डांबरावरच्या चाकालाही तेवढेच १०० मिळतात, मग त्याची ताकद ६०० पेलायची का असेना. ताम्हिणीत पावसाळ्यात एक चाक साइडपट्टीच्या चिखलात उतरलं की होतं तेही हेच.

ब्रेक लावताना चाकं जखडू न देणारी यंत्रणा म्हणजे एबीएस. तिचा वेग मोजणारा सेन्सर प्रत्येक चाकाशी असतो. मागची चाकं नुसती फिरत असतात, त्यामुळे गाडीचा खरा वेग त्यांच्यावरून कळतो. पुढचं डावं चाक त्यांच्यापेक्षा फारच जोरात फिरतंय असं दिसलं, की एबीएसचा पंप तुमचा पाय पेडलवर नसतानाही फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतो. बॉनेटखालून येणारी घरघर ती हीच. ब्रेकने ३०० न्यूटन-मीटरचा अडथळा उभा केला, तर डाव्या बाजूला १०० अधिक ३०० असे ४०० लागतात, म्हणून डिफरन्शियलला उजवीकडेही ४०० द्यावे लागतात. रस्त्याला मिळणारा जोर २०० वरून ५०० वर गेला, डावीकडे १०० आणि उजवीकडे ४००. त्याच वेळी कॉम्प्युटर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, मिटवून किंवा इंधन कमी करून इंजिनचा जोरही आवरतो. दोन्ही चाकं बर्फावर असली तर ब्रेक लावून फारसं काही पदरात पडत नाही, इंजिन आवरणं तेवढं उरतं. पकड वाटून देता येते. मुळात नसलेली पकड ही यंत्रणा आणणार कुठून?

अशा चढावर दुसरा गिअर, क्लच हळू सोडायचा, ॲक्सिलरेटर एका जागी स्थिर. दिवा लुकलुकला की पाय किंचित उचलायचा आणि स्टिअरिंग जमेल तेवढं सरळ करायचं, कारण वळलेल्या टायरची थोडी पकड वळण्यातच खर्च होते.

टायरवर गुंडाळायची बर्फाची चेन लावायची वेळ आली तर ती ओढणाऱ्या चाकांना, म्हणजे आमच्यासारख्या गाडीत पुढच्या. शंभरेक मीटर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायची, आणि वेग ताशी ४० च्या आत. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत रस्त्यावर बर्फ नसतो. म्हणून दक्षिण तोंडाशी चेन काढावी लागते. कंटाळा केला तर चेन आणि टायर दोन्ही खराब होतात.

उत्तर तोंडातून बाहेर पडल्याबरोबर चंद्रा नदीवरचा पूल लागतो. जागा साधारण ३,०७० मीटर उंचीवर. पुलाच्या खालूनही वारा वाहतो, त्यामुळे बाकी रस्त्याआधी तो गोठतो, आणि बोगद्यातल्या कोरड्या रस्त्यामुळे वेग वाढलेला असतो. इथे ट्रॅक्शन कंट्रोल काही कामाचं नाही, ते गाडी ओढताना कामाला येतं, थांबवताना नव्हे. ४० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर गाडी सुमारे ८ मीटरमध्ये थांबते. बर्फाच्या काचेवर तीच ६० मीटरच्या पुढे जाते. एबीएस स्टिअरिंग हातात ठेवेल, अंतर कमी करणार नाही. बोगद्यातच वेग उतरवून ठेवावा.

बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावात गाडी लावायच्या जागेत वीतभर ताजा बर्फ असेल तर सगळं उलट. चाक जरा फिरलं की यंत्रणा इंजिनचा जोर काढून घेते, गाडी गुदमरून बंद पडते. भुसभुशीत बर्फ उकरून टायरला खालची जमीन गाठायची असते, त्यासाठी चाक थोडं फिरावंच लागतं. इथे बटण दाबून यंत्रणा बंद करायची. बऱ्याच गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावं लागतं. मग पहिला, रिव्हर्स, पहिला असे हलके झोके. चाक नुसतं गरगर फिरवत बसलात तर खालचा बर्फ गुळगुळीत होतो. रस्त्याला लागताच यंत्रणा परत चालू.

दोन भानगडी नेहमीच्या. चाकाच्या कमानीत आणि सेन्सरवर रबडी बर्फ गोठला की एबीएस आणि ट्रॅक्शन, दोन्ही दिवे सतत पेटलेले राहतात. बर्फ हाताने काढायचा, उकळतं पाणी ओतायचं नाही. दुसरी स्टेपनीची. लहान मापाची स्टेपनी पुढे लावली तर ते चाक जास्त फिरतं आणि कॉम्प्युटरला घसरण वाटते. मागचं चांगलं चाक पुढे आणा, स्टेपनी मागे.

परतीला धुंदीहून सोलंगकडे उतरताना दुसरा गिअर माथ्यावरच टाकावा. मध्येच झटक्यात गिअर उतरवला तर इंजिनच्या ओढीने पुढची चाकं जखडतात, आणि साधं ट्रॅक्शन कंट्रोल चाक जास्त फिरतंय का एवढंच बघतं, कमी फिरणं त्याच्या हिशेबात नसतं. तसं झालंच तर लगेच क्लच दाबा, चाकं पुन्हा फिरायला लागतील, स्टिअरिंग ऐकेल.