आधी टायर ठरवा, अलॉय मग

कारसाठी अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, घ्यायला निघालेले बहुतेक जण आधी डिझाइन पसंत करतात, मग इंच ठरवतात आणि उरलेल्या पैशात बसतील ते टायर टाकून घेतात. बजेट मोजकं असेल तर हा क्रम उलटा हवा. आधी टायर निवडा, तो कोणत्या मापात सहज मिळतो ते बघा आणि त्या मापाची रिम शोधा. ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते हे रबर ठरवतं, रिमचा रंग नाही.

‘परफॉर्मन्स’ म्हणजे नेमकं काय हवंय हेही आधी स्पष्ट असू द्या. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, ताम्हिणी किंवा आंबा घाटात ओल्या डांबरावर उतार आणि वळण एकदमच समोर येतं. अशा रस्त्यांवर मला पहिली गरज ओल्या ग्रिपची वाटते, दुसरी वळणात न लोळणाऱ्या साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची. कोरड्या रस्त्यावरचा शेवटचा पाच टक्के चिकटपणा महाग पडतो, लवकर झिजतो आणि रोजच्या वापरात त्याचा उपयोगही होत नाही.

उदाहरणासाठी २०१८ ते २०२४ मधली स्विफ्ट घेऊ. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४, वरच्याला १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचात. टायरचा पूर्ण व्यास काढायला साइडवॉल दुप्पट करायची आणि त्यात रिम मिळवायची. १४ इंचीचा ६१९.६ मिमी येतो, १५ इंचीचा ६२१.५. कंपनीनेच दोन्ही जवळजवळ सारखे ठेवलेत, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९, तोही चालतो. १९५/६० आर १५ चा ६१५, म्हणजे १४ इंचीपेक्षा पाऊण टक्का कमी, त्यानेही काही बिघडत नाही. मूळ व्यासापासून दोन टक्क्यांच्या आत राहा. व्यास जास्त झाला तर स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो आणि टायर चाकाच्या खोबणीतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासायची शक्यता वाढते.

आता साइडवॉल. १६५/८० मध्ये रिम आणि रस्ता यांच्यात १३२ मिमी रबर असतं, १८५/६५ मध्ये १२०, १९५/५५ मध्ये १०७. हौसेने १७ इंचावर जाऊन २०५/४५ टाकलं तर उरतं ९२. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. त्यात चाक आपटलं की रिमची कड आणि खड्ड्याची धार यांच्यात साइडवॉल चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला फुगा आलेला दिसतो. फुग्याची दुरुस्ती होत नाही, टायर बदलावाच लागतो. काही कंपन्या ठरावीक मॉडेलवर अशा इजेचीही वॉरंटी देतात, त्यामुळे बिलावर चारही टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या.

म्हणून १४ इंची गाडी असेल तर माझा कौल सरळ १५ ला. १८५/६५ हे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचं माप असल्याने बसण्याचा प्रश्न येत नाही. रिम स्वस्त, टायर स्वस्त, आणि वाचलेल्या पैशात रबराची एक पायरी वर चढता येते. १७ इंची रिमवरचा हलक्या दर्जाचा टायर पावसात १५ इंचीवरच्या चांगल्या टायरपुढे टिकत नाही. १६ इंची हवेच असतील तर जरूर घ्या, पण टायरचं बजेट आधी बाजूला काढून.

समजा सगळं मिळून पन्नास हजार आहेत. त्यातले तीन-चार हजार बसवणी, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह, हब रिंग (रिमच्या मधल्या भोकात बसणारी कडी) आणि नट यांसाठी आधीच वेगळे ठेवा. उरलेल्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा टायरला द्या. गाडी नवी असेल तर कंपनीचे टायर दुकानात एक्स्चेंजला देता येतात. दोनशे किलोमीटर चाललेल्या आणि पाच हजार चाललेल्या टायरच्या भावात बराच फरक पडतो, म्हणून बदलायचेच असतील तर लवकर बदला. जुन्या रिमसह विकले तर बहुधा जास्त मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे एकूण किमतीत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास फरक. त्याआधीच्या व्हिडिओंमधले भाव धरून हिशेब करू नका.

टायर निवडताना वेगवेगळ्या ब्रँडची तुलना करण्याआधी एकाच कंपनीच्या श्रेणी समजून घ्या. अपोलोचा अल्नॅक ४जी रोजच्या वापराचा, अॅस्पायर ४जी वेगाकडे झुकलेला. मिशेलिनचा प्रायमसी आरामावर आणि ओल्या ब्रेकिंगवर भर देणारा, पायलट स्पोर्ट हँडलिंगवर. योकोहामाच्या ब्लूअर्थ मालिकेत जीटी हा लांब पल्ल्याचा, त्यातल्या त्यात वळणात घट्ट. बजेटमध्ये बहुतेक वेळा मधली पायरी शहाणपणाची ठरते. १५ इंचात अस्सल स्पोर्ट टायरचे पर्याय मोजकेच असतात, १६ पासून ते वाढतात. शिवाय जून २०२० पासून कारच्या टायरची आयात परवान्याखाली आली आहे, त्यामुळे एखादं परदेशी मॉडेल आज दुकानात दिसलं तरी वर्षभराने एक टायर फुटल्यावर त्याचा जोडीदार मिळेलच असं नाही. ज्याचा पुरवठा नियमित आहे तोच घ्या.

काही टायरवर ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा आकडा छापलेला असतो. २०० च्या आसपासचा टायर मऊ आणि चिकट, ४०० च्या पुढचा टिकाऊ. मला रोजच्या गाडीसाठी ३०० ते ४०० हा पट्टा योग्य वाटतो. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३४० यांची तुलना करू नका. त्याशेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगचं असतं: डबल ए सर्वांत वर, मग ए, बी, सी. वळणातल्या पकडीबद्दल ते काही सांगत नाही. भारतात बनलेल्या प्रत्येक टायरवर या खुणा नसतात.

मापानंतर छापलेला भाराचा आकडा मात्र प्रत्येक टायरवर असतो. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. त्यानंतरचं अक्षर कमाल वेगाचं: टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी. मूळ टायरपेक्षा भाराचा आकडा कमी घेऊ नका. मूळ टायर ८८ चा असेल तर १९५/५५ आर १६ मध्ये ८७ ऐवजी ९१ एक्सएल (जास्त भाराचा टायर) शोधा. एक्सएलला पूर्ण भार पेलायला हवा थोडी जास्त लागते.

रिमवर सगळ्यात जास्त गल्लत ऑफसेटची होते, म्हणजे रिमची मधली रेषा आणि ती गाडीला टेकते तो पृष्ठभाग यांच्यातल्या अंतराची. रिमवर ‘जे’ ही इंचातली रुंदी, ‘ईटी’ हा मिलिमीटरमधला ऑफसेट. हिशेब असा. जुनी रिम साडेपाच जे, ईटी ४५ आणि नवी साडेसहा जे, ईटी ३८ समजा. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट ७ ने कमी झाला, म्हणजे सगळं चाक ७ मिमी बाहेर आलं. बाहेरची कड १९.७ मिमी बाहेर जाते, आतली ५.७ मिमी आत. एवढं चाक बाहेर आलं की मागे तीन माणसं बसल्यावर ते फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासतं, स्टिअरिंग जड होतं आणि हब बेअरिंगवर ताण येतो. १९५ च्या टायरला सहा जे पुरते. सात जे वर तो ताणला जातो आणि रिमची कड उघडी पडून प्रत्येक फुटपाथला खरचटते.

बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ७३.१ मिमी असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. स्विफ्टचा हब, म्हणजे रिम ज्यावर बसते तो गाडीचा मधला भाग, ५४.१ चा. मधली जागा हब रिंगने भरली नाही तर चाक फक्त नटांच्या आधारावर मध्यभागी बसतं, एखादा मिलिमीटर सरकतं आणि ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. माणूस तीनदा बॅलन्सिंग करून घेतो, मशीन शून्य दाखवतं आणि थरथर तशीच राहते, कारण दोष बॅलन्सिंगमध्ये नसतोच. रिंग मिळाल्याशिवाय रिम बसवू देऊ नका. नटांचंही तसंच: रिमची बसण शंकूच्या आकाराची आहे की गोल, ते बघूनच नट लावायचे. होंडाचे गोल बसणीचे नट शंकूच्या रिमवर कडेवरच टेकतात आणि सैल होतात.

पैसे देण्याआधी उत्पादनाची तारीख बघा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटच्या चार अंकांत २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला, म्हणजे जूनच्या सुरुवातीचा. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच बघा. कमी खपाच्या मापांत जुना माल पडून राहतो आणि मोठी सवलत बहुधा त्यावरच असते. वर्षाच्या आतला असेल तर आनंदाने घ्या. दोन वर्षांचा असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी मी नाही म्हणेन.

चारचे पैसे नसतील तर दोन घ्या, एकसारखे, आणि ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. मागची ग्रिप आधी सुटली तर ओल्या वळणात गाडी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

बसवताना टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे ना आणि फिरण्याचा बाण असेल तर तो पुढे जातोय ना, हे स्वतः बघा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ यायला हवा, तेवढी वजनं कमी लागतात. नट शेवटी गनने नाही, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतके आवळायला सांगा आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासून घ्या. मग अलाइनमेंट. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि मागे वजन ठेवून घासण्याचा आवाज येतो का ते दुकानासमोरच ऐका. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीत थर असतो, तो जायला दोन-तीनशे किमी लागतात, तोवर पावसात जोर करू नका. अलॉय बाहेरून बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर नुकसान झाल्यावर अलॉयची भरपाई बहुधा मिळत नाही. आणि स्टेपनी जुन्याच स्टीलच्या रिमवर राहणार असेल तर तिचे नट डिकीत ठेवायला विसरू नका.